बाबांच्या चष्म्याच्या काचा

बाबांच्या कामाच्या चष्म्याला दोन रंग होते. प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटखाली त्याच्या काचा फिकट निळसर दिसायच्या. संध्याकाळी ते बाहेर येऊन स्कूटरला किक मारायचे, तेव्हा शर्टाच्या खिशातून डोकावणाऱ्या त्याच काचा उन्हात जांभळट गुलाबी झालेल्या असायच्या. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. आईला यायला उशीर असला की शाळेतून मला पाषाण रोडला बाबांकडे सोडलं जायचं, आणि त्यांच्या खोलीच्या दाराशी लाकडी स्टुलावर मी हात मांडीखाली घेऊन बसायचे. हात मांडीखाली ही बाबांची अट होती. त्या खोलीत गरम काच आणि गार काच दिसायला अगदी सारखीच असते.

बाबा ग्लास ब्लोअर होते. शास्त्रज्ञ मंडळी कागदावर आकृती काढून आणायची आणि बाबा ती काचेत उतरवायचे. कंडेन्सर, तीन तोंडांचे फ्लास्क, व्हॅक्यूमचे स्टॉपकॉक, कशाकशाला तर नावच नसायचं, त्या एका प्रयोगापुरतंच ते जन्माला यायचं. सगळी काच बोरोसिलिकेट आणि सगळी बिनरंगी. बाबांच्या लेखी काचेत रंग दिसणं म्हणजे काहीतरी चुकलेलं असणं. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडून काजळी बसली, काच मळकी होती, किंवा पुन्हा पुन्हा तापवून तिच्यावर दुधासारखी साय आली.

मग चष्म्याला रंग का, असं मी एकदा विचारलं. बाबांनी उत्तर दिलं नाही. तो चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला आणि हातातली नळी ज्योतीत धरली. त्याआधी मला नळीभोवती नुसता पिवळाधमक उजेड दिसायचा, काच त्यात कुठेतरी हरवलेली. चष्म्यातून तो उजेड पुसल्यासारखा गेला आणि नळीची कड, तिचं मऊ होऊन किंचित झुकणं, सगळं स्वच्छ दिसलं. ‘‘डिडिमियम,’’ बाबा म्हणाले. ‘‘काचेतला सोडियम ज्योतीत पिवळा जळतो. ही काच तेवढाच पिवळा खाते.’’

आज मी ओरेगनमध्ये हिल्सबरोला राहते. मुलगा कॉलेजला गेला त्या वर्षी पोर्टलंडच्या एका स्टुडिओत सहा शनिवारांचा वर्ग केला, आणि आता गॅरेजमध्ये माझं स्वतःचं टेबल आहे. बर्नर, कोविडमुळे आपल्याकडे घराघरांत माहीत झालेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दोन, प्रोपेनची टाकी भिंतीबाहेर, डोक्यावर धूर ओढणारा पंखा आणि मायक्रोवेव्हएवढी विजेची भट्टी. बिनरंगी काच मी कमीच वापरते. माझं सगळं वेड रंग बदलणाऱ्या काचकांड्यांचं आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत द्रावण ढवळायला काचकांडी असायची, साधारण तशीच ही. सात-आठ मिलिमीटर जाड, हातभर लांब. फरक असा की हिच्या काचेत चांदी मिसळलेली असते. सोडा काचेला, म्हणजे बांगड्यांच्या आणि बाटल्यांच्या काचेला, रंग देणं माणसाला हजारो वर्षं येतं. बोरोसिलिकेट त्या मानाने कालची. जर्मनीत येना इथे ओटो शॉट यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार केली, १९१५ मध्ये अमेरिकेत पायरेक्सची भांडी आली, आणि भारतात १९६२ मध्ये बोरोसिल सुरू झालं. सुमारे ऐंशी टक्के वाळू, तेरा टक्के बोरॉन ऑक्साइड. तापल्यावर ती सोडा काचेच्या जेमतेम एक तृतीयांश पसरते, म्हणून ज्योतीतून बाहेर काढली तरी तडकत नाही. पण वितळायला फार उष्णता मागते आणि त्या उष्णतेत पुष्कळ रंग उकळून फुटतात किंवा उडून जातात. त्यामुळे अनेक दशकं ही काच प्रयोगशाळेपुरतीच, बिनरंगी राहिली.

रंगीत बोरोच्या, म्हणजे बोरोसिलिकेटच्या, कांड्या कारखान्यात बनून दुकानात मिळू लागल्या त्या १९८०च्या दशकात, आणि त्यातलं मोठं काम इथेच, ओरेगनमध्ये झालं. पॉल ट्रॉटमन यांनी नॉर्थस्टार ग्लासवर्क्स काढलं ते याच भागात. दोन तासांवरच्या यूजीनमध्ये बॉब स्नॉडग्रास धूम्रपानाचे काचेचे पाइप करत. त्यांनी चांदीचा बारीक तुकडा ज्योतीत धरून त्याची वाफ बिनरंगी काचेवर बसवायची रीत रुळवली. तो पातळ थर उजेडासमोर पिवळसर दिसतो, आणि पाइप वापरून आतून काळा पडत गेला की तोच थर निळा दिसायला लागतो. लोकांना वाटायचं काच रंग बदलतेय. खरं तर काच तीच, फक्त मागची बाजू बदलली. पाइप म्हटलं की आपल्या माणसांच्या कपाळाला आठी पडते हे मला माहीत आहे. सुरुवातीला मीही बाबांशी या विषयावर बोलायचं टाळलं. पण आज जगभर जी रंगीत बोरो मिळते, तिचा पहिला मोठा गिऱ्हाईकवर्ग हे पाइप करणारे लोक होते. त्यांनी कांड्या विकत घेतल्या म्हणून रंग करणारे टिकले. हे ऋण मला मोकळेपणाने मान्य करावंसं वाटतं.

मी घेतलेली पहिली चांदीची कांडी ‘अँबर पर्पल’ या जातीची होती. नावातच दोन रंग, मध आणि जांभूळ. मला तिची गोटी करायची होती. इथे गोटी ही मोठी मानाची वस्तू आहे, तिचे संग्राहक असतात, त्यावर वर्षानुवर्षं खपणारे कारागीर असतात. माझ्यासाठी गोटी म्हणजे कोथरूडच्या वाड्याच्या अंगणातली गल आणि नखाने उडवलेली धूळ. म्हणून तिच्यापासूनच सुरुवात केली.

पहिल्या आठ गोट्या पाण्यासारख्या झाल्या, कडेला जरा पिवळसर झाक, बस्स. कांडी थंड असताना तपकिरी-जांभळी, ज्योतीत गेली की रंग विरघळून जायचा आणि परत यायचाच नाही. वाटलं उष्णता कमी पडतेय, म्हणून आणखी तापवली. आणखी स्वच्छ झाली. नवव्या वेळी चिडून ज्योतीचा ऑक्सिजन कमी केला तर गोटीवर राखाडी, धातूसारखी पापुद्री साय आली.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना रंगाचं माहीत नव्हतं, पण काचेचं माहीत होतं. त्यांनी विचारलं, ‘‘तू ज्योतीतून बाहेर किती वेळ ठेवतेस?’’

‘‘ठेवतच नाही. तुम्हीच सांगितलंय ना, काम संपेपर्यंत ज्योत सोडायची नाही.’’

‘‘ते जोडासाठी गं,’’ बाबा म्हणाले. ‘‘नळीत नळी जोडताना एक बाजू गार पडली तर तडा जातो. तुझी तर भरीव गोळी आहे, इंचभराची. चांदी आहे ना आत? मग तिला कण व्हायला वेळ नको का द्यायला?’’

मग मी वाचून काढलं, आणि बाबांनी अंदाजाने जे म्हटलं होतं तेच निघालं. काच पांढरीशुभ्र तापलेली असते तेव्हा चांदी तिच्यात साखर पाण्यात विरघळावी तशी विरघळलेली असते. साखर दिसत नाही, चांदीही दिसत नाही. काच निवायला लागली की चांदीचे अणू एकमेकांना धरून अतिसूक्ष्म बिया तयार होतात. त्याही दिसत नाहीत. मग काच पुन्हा हलकेच तापवली, आकार बिघडणार नाही इतपतच, की त्या बियांवर चांदी जमत जाते, कण वाढतात. ते ठरावीक आकाराचे झाले की प्रकाशातला निळा-जांभळा भाग गिळतात आणि आपल्याला पिवळा दिसतो. आणखी वाढले की रंग पुढे सरकतो. फार वाढले तर सगळं गढूळ होतं, शिजलेल्या काळजाच्या रंगाचं. आणि फार तापवलं तर कण पुन्हा विरघळतात, पाटी कोरी. मी आठही वेळा पाटी कोरीच करत होते.

इथे याला ‘स्ट्राइक’ म्हणतात. मी मनात त्याला मेंदी रंगणं म्हणते. लिंपताना हिरवी, खरवडल्यावर नुसतीच केशरी, आणि खरा रंग दुसऱ्या दिवशी सकाळी. घाईने धुतली तर तो येतच नाही.

दहावी गोटी मला क्षणाक्षणाने आठवते. कांडीच्या टोकाशी सुपारीएवढा गोळा जमवला, ज्योतीच्या आतल्या निळ्या सुळक्यांपासून चांगला लांब, कारण जवळ नेला की चांदीची काच उकळून बुडबुडे धरते. ग्रॅफाइटच्या खोलगट साच्यात फिरवून गोल केला. नारिंगी उजेड होता, लाल झाला, मग काळपट लाल, मग गेला. चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं, गोळा पूर्ण पारदर्शक, जरा उसाच्या रसासारखा. हात थरथरत होते, तडकेल असं वाटत होतं. मी मोठ्याने वीसपर्यंत मोजलं, मराठीत. मग ज्योत मऊ केली, रुंद आणि शांत, आणि गोळा तिच्या शेंड्यात नेला. दोन-तीन फेऱ्यांत काहीच झालं नाही. मग एका कडेला मध सांडल्यासारखं पिवळं आलं, ते फिरत गेलं, त्याच्या पोटात तांबूस उतरलं, आणि ज्या बाजूला मी चुकून जरा जास्त वेळ धरलं होतं तिथे जांभळी रेघ उमटली. मी बाहेर काढून पुन्हा वीस मोजले आणि पुन्हा आत नेलं. त्या फेरीला जांभळ्याच्या कडेने निळं आलं.

मग भट्टी. इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात, १०५० अंश. बाबा विचारतात तेव्हा मी ५६५ सांगते आणि ते समाधानाने मान हलवतात, कारण त्यांच्या भट्टीचा आकडाही साधारण तोच होता. तासभर त्या तापमानाला ठेवून मग रात्रभर सावकाश उतरवायची, म्हणजे आतला ताण निघून जातो. चांदीची काच या तासातही गुपचूप रंगत असते, म्हणून भट्टीत घालताना ती मला हवी त्यापेक्षा एक पाऊल मागे असावी लागते. हे एक पाऊल कुठलाही तक्ता सांगत नाही. विकणाऱ्यांचे रंगाचे तक्ते दिसायला छान असतात, पण माझ्या मते नवशिक्याने ते भिंतीवर लावू नयेत. एकच कांडी वर्षभर वापरावी आणि वहीत लिहीत जावं की ज्योत कशी होती, किती मोजलं, कुठे धरलं. माझ्या दोन वह्या भरल्या आहेत.

एक नुकसान सांगायलाच हवं. स्टुडिओतल्या सामाईक डब्यातून मी एकदा एक लाल तुकडा उचलला, नाव-चिठ्ठी नसलेला, आणि गोटीच्या आत फूल करायला वापरला. हे फूल करायची रीत सुंदर आहे. बिनरंगी काचेच्या जाड चकतीवर कडेपासून मध्यापर्यंत रंगाच्या रेघा ओढायच्या आणि चकती सावकाश वितळू द्यायची. कडा आत ओढल्या जातात, रेघा काचेच्या पोटात खेचल्या जाऊन पाकळ्यांसारख्या वळतात. फूल अप्रतिम झालं होतं. दुसऱ्या दिवशी भट्टीतून काढून टेबलावर ठेवलं, चहा टाकायला आत गेले आणि ‘टिक’ असा आवाज आला. सोडा काचेचा तुकडा होता तो. बोरोच्या पोटात जाऊन तो तिच्या तिपटीने आकसला. तेव्हापासून अनोळखी कांडी मी हातात घेत नाही, आणि प्रत्येक गोटी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर धरून पोलराइज्ड गॉगलमधून तपासते. पडद्याचा प्रकाश एकाच दिशेने कंप पावणारा असतो. पांढरी खिडकी उघडून गॉगल अशा कोनात धरायचा की पडदा काळा दिसेल, मग मध्ये काच आणायची. आत ताण असेल तर काळ्यावर उजळ ढग दिसतात. प्रयोगशाळेत यासाठी बाबांकडे पोलॅरिस्कोप होता.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत, हात किंचित कापतो. बर्नरपुढे बसल्यावर कापायचा थांबला. त्यांनी आधी दोन बिनरंगी नळ्या मागितल्या आणि त्या अशा जोडल्या की जोड बोटाला लागेना. मग मी अँबर पर्पलची कांडी दिली. त्यांनी सगळं माझ्यापेक्षा सफाईने केलं, पण काच बाहेर काढून थांबायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात दोनदा आपोआप ज्योतीकडे गेला. पस्तीस वर्षांची सवय. मी म्हटलं, ‘‘बाबा, वीस मोजा.’’ त्यांनी मोजले. रंग उतरला तेव्हा ते काही बोलले नाहीत, काच जरा पुढे केली आणि आईला हाक मारली.

ती गोटी भट्टीतून निघाली तेव्हा त्यांनी खिडकीत धरली, आरपार मधासारखी. मग आपल्या नेव्ही ब्लू स्वेटरवर ठेवली, तर निळी-जांभळी. पुन्हा खिडकीत, पुन्हा स्वेटरवर. आरपार येणाऱ्या उजेडात चांदीचे कण निळा खाऊन पिवळा सोडतात, गडद पाठीवर ठेवलं की त्यांनी उधळलेला निळा-जांभळा डोळ्यात येतो. ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला एक रोमन पेला आहे, लायकर्गस कप. समोरून उजेड पडला की हिरवा, आत दिवा ठेवला की लाल. त्यातही सोन्या-चांदीचे असेच कण आहेत. बाबांना फोटो दाखवला तर त्यांनी विचारलं, ‘‘भट्टी कसली होती त्यांची?’’

शेवटच्या आठवड्यात मी त्यांना दुसऱ्या जातीची कांडी दाखवली. तिच्यात चांदी नाही, निओडिमियम आहे. तिला ज्योत, बिया, वीस मोजणं, काहीच लागत नाही. ती उजेडावर रंग बदलते. इथली मुलं तिला सीएफएलची काच म्हणतात. गॅरेजच्या दारात, उन्हात, मी ती त्यांच्या हातात दिली. जांभळट गुलाबी. मग आत येऊन मी जुनी ट्यूब लावली, आणि त्यांच्या बोटांत ती निळी झाली.

बाबा उठून घरात गेले. येताना त्यांच्या हातात जुनी चामड्याची डबी होती, काठांशी झिजलेली. तो चष्मा त्यांनी पुण्याहून आणला होता. मला वाटलं होतं की माझ्या बर्नरवर काम करायला आणला असेल, पण माझ्याकडचा जास्त गडद चष्मा बोरोला बरा, म्हणून तो डबीतच राहिला होता.

त्यांनी चष्मा आणि कांडी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दोन्ही निळसर. मग दोन्ही उचलून दारात नेली. दोन्ही गुलाबी.

‘‘डिडिमियम म्हणजे एक मूलद्रव्य नव्हेच,’’ मी सांगितलं. ‘‘१८८५ मध्ये आउअर फॉन वेल्सबाख यांनी त्यातून दोन वेगळी काढली. प्रेझिओडिमियम आणि निओडिमियम. सोडियमचा पिवळा खातं ते मुख्यतः निओडिमियम. ५८९ नॅनोमीटरच्या आसपास. आणि उन्हात सगळे रंग सारखे असतात, ट्यूबमध्ये नसतात, मोजक्याच पट्ट्या असतात, म्हणून तेवढा पिवळा काढून घेतला की इथे उरतं वेगळं आणि तिथे वेगळं.’’

बाबांनी मान डोलावली, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ते पुन्हा दारातून आत आले, ट्यूबखाली उभे राहिले आणि पुन्हा दारात गेले. आई म्हणाली, ‘‘अहो, चहा गार होतोय.’’

‘‘पस्तीस वर्षं नाकावर होता,’’ बाबा म्हणाले. ‘‘मी कायम यातून बघत आलो. याच्याकडे कधी बघितलंच नाही.’’

‘‘मी बघायचे,’’ मी म्हटलं. ‘‘स्कूटरवर. तुमच्या खिशात.’’

जाताना त्यांनी निओडिमियमच्या कांडीचा बोटभर तुकडा मागून घेतला, मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवला. आता तो कोथरूडला खिडकीच्या कट्ट्यावर असतो. सकाळी ते मला फोटो पाठवतात, उन्हातला. रात्री स्वयंपाकघरातली ट्यूब लावल्यावर दुसरा. परवा तिसरा आला, दिवे गेले होते आणि आईने देवघरातली समई जवळ आणून ठेवली होती. समईत तो उन्हाहूनही जास्त गुलाबी दिसत होता.